छपराखालची झोपायची खोली : आधी जिना, मग बाकीचे

न्यू जर्सीतील जुन्या घरांच्या जाहिरातींत 'फिनिश्ड ॲटिक', म्हणजे सजवून तयार केलेला माळा, असे लिहिलेले हमखास आढळते. ते वाचून घर पाहायला गेलेल्या माणसाला बहुधा वरच्या मजल्यावर एक अरुंद दार, त्यामागे उभट जिना आणि जिन्याच्या टोकाला फळ्यांनी मढवलेली, गालिचा घातलेली एक बसकी खोली दिसते. अशा खोलीत पलंग टाकलेला असतो, कदाचित त्या घरातली मुले तिथे वर्षानुवर्षे झोपतही आलेली असतात. मात्र गावाच्या दप्तरात त्या जागेची नोंद बहुतेक वेळा सामान ठेवायची जागा एवढीच असते. भिंती रंगवल्या आणि दिवा लावला म्हणून माळ्याची झोपण्याची खोली होत नाही, निदान कायद्याच्या दृष्टीने तरी होत नाही. १९२०च्या दशकातील आमच्या दुमजली घराचा माळा रीतसर परवानगी काढून राहण्याजोगा करून घेताना हा फरक जवळून पाहायला मिळाला, आणि त्याबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे काही सापडले नाही, म्हणून हा लेख.

आमची गरज इथल्या अनेक मराठी घरांत असते तीच होती. आई-बाबा पुण्याहून येतात ते व्हिजिटर व्हिसावर, एका वेळी साधारण सहा महिन्यांसाठी, आणि तेवढा काळ कोणाला तरी दिवाणखान्यात झोपायला लावणे बरे दिसत नाही. एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठरवून टाकली होती : वरची खोली पाहुण्यांसाठी नव्हे, मुलासाठी. गुडघेदुखी असलेल्या माणसाला रात्री दोनदा उतरावा लागेल असा जिना, आणि घरातली सगळी उष्णता जिथे जमते अशी जागा, ही ज्येष्ठांना देण्याची जागा नाही. तरुण मुलगा वर जातो, त्याची खालची खोली आई-बाबांना मिळते आणि कोणाचीच गैरसोय होत नाही.

अमेरिकेत घरबांधणीचे नियम केंद्र सरकार करत नाही. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था १९९४ साली तीन जुन्या प्रादेशिक संस्थांनी मिळून स्थापन केली आणि तिने २००० साली इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड हा घरांसाठीचा नियमसंच प्रथम प्रसिद्ध केला. त्याची आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते, राज्ये ती आपापल्या सोयीने व दुरुस्त्यांसह स्वीकारतात, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी गावातील बांधकाम कार्यालय करते. नावात 'इंटरनॅशनल' असले तरी व्यवहारात हा कोड मुख्यतः अमेरिकेचाच आहे. न्यू जर्सीने याखेरीज १९९८ साली जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र रिहॅबिलिटेशन सबकोड आणला. जुन्या घरातील एखादा भाग सुधारायचा तर सगळे घर आजच्या नियमांत बसवण्याची सक्ती होऊ नये, हा त्यामागचा विचार. या सगळ्यामुळे एकाच प्रस्तावाला दोन राज्यांत दोन उत्तरे मिळू शकतात. पुढे मी जी मापे देत आहे ती मूळ रेसिडेन्शियल कोडमधील आहेत, आणि आराखडा काढण्यापूर्वी आपल्या गावाच्या कार्यालयात जाऊन ती पडताळून घेणे अपरिहार्य आहे. आमचे घर दुमजली असल्याने माळा वापरात येताच तो तिसरा मजला धरायचा की नाही, हा प्रश्न तर पहिल्याच भेटीत निघाला. काही ठिकाणी त्या एका उत्तरावर स्प्रिंक्लर (आग लागताच पाणी फवारणारी छतातली तोंडे) लागतील की नाही हे ठरते.

कार्यालयात जाण्याच्याही आधी टॉर्च घेऊन वर चढावे आणि छप्पर कशावर उभे आहे ते पाहावे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना सरळ वासे उतरलेले असतील आणि मधली जागा मोकळी असेल, तर पुढचा विचार करता येतो. पण साधारण १९६०नंतरच्या पुष्कळ घरांत कारखान्यात तयार झालेल्या लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) असतात, आणि त्यांच्या मधल्या तिरक्या पट्ट्यांनी सगळा माळा जाळ्यासारखा अडवलेला असतो. त्या पट्ट्या कापणे म्हणजे छप्पर कापणे. इंजिनियरकडून नवी रचना करून घेता येते, पण तो खर्च पाहता बहुतेक लोकांनी तिथेच थांबावे आणि तळघराकडे वळावे, असे माझे मत आहे. वासे असलेल्या छपरातही वाशांना आडवे जोडणारे तुकडे डोक्याला लागतात म्हणून काढून टाकण्याचा मोह होतो. त्यांपैकी खालचे आडवे लाकूड वाशांचे पाय बाहेर सरकू देत नाही आणि वरचे तुकडे वाऱ्याने आढ्याशी सांधा उघडू देत नाहीत, त्यामुळे इंजिनियरला विचारल्याशिवाय कशालाच हात लावू नये.

यानंतर उंची. राहण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ७० चौरस फूट हवे, तिची कोणतीही बाजू ७ फुटांपेक्षा कमी नको, आणि छत ७ फूट उंच हवे. उतरत्या छताच्या खोलीला यात सवलत आहे : आवश्यक क्षेत्रफळाच्या निम्म्या भागावर ७ फूट उंची मिळाली तरी चालते, मात्र ५ फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग हिशेबातच धरला जात नाही. ही सगळी मापे तयार जमिनीपासून तयार छतापर्यंतची आहेत, आणि इथेच हिशेब फिरतो.

आमच्या माळ्यावर जुन्या तुळयांच्या पाठीपासून आढ्याखाली वाशांपर्यंत सुमारे ११ फूट उंची होती आणि छपराचा उतार ४५ अंशांचा. अशा उतारात ७ फूट उंचीचा पट्टा ८ फूट रुंद निघतो, तेव्हा कागदावर सगळे छानच दिसत होते. मग जमीन मजबूत करण्यासाठी घातलेल्या खोल तुळया, त्यावरचे प्लायवूड आणि वरची लाकडी जमीन मिळून सुमारे ५ इंच गेले. वाशांच्या पोटाला इन्सुलेशनसाठी (उष्णता-थंडी अडवणाऱ्या थरासाठी) वाढवलेली जागा आणि ड्रायवॉल (भिंती-छताला लावायचे जिप्समचे तयार तक्ते) यांची जाडी ४ इंचच, पण ती तिरकी असल्याने उभ्या मापात पावणेसहा इंच भरली. एकूण पावणेअकरा इंच उंची गेली, आणि ४५ अंशांच्या उतारात उंचीचा प्रत्येक इंच रुंदीचे दोन इंच खातो, म्हणून ८ फुटांचा पट्टा जेमतेम सव्वासहा फुटांवर आला. ५ फुटांवरचा भाग १२ फुटांऐवजी सव्वादहा फूट उरला. १८ फूट लांबीच्या खोलीला हे आरामात पुरले. पण उतार याहून कमी असता तर याच पावणेअकरा इंचांनी खोली नियमाबाहेर गेली असती. जुन्या तुळयांवरून टेप लावून 'उंची भरपूर आहे' असे सांगणाऱ्या कोणाच्याही शब्दावर पैसे गुंतवू नयेत.

जमीन मजबूत का करावी लागते, तर जुन्या माळ्याची जमीन ही मुळात जमीन नसतेच. ती खालच्या खोलीचे छत धरून ठेवणारी लाकडे असतात. सामान न ठेवण्याच्या माळ्यासाठी प्रति चौरस फूट १० पौंड, थोडेफार सामान ठेवण्याच्या माळ्यासाठी २० आणि झोपण्याच्या खोलीसाठी ३० पौंड चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरला जातो. म्हणजे खोली करताना ठरलेला भार दीडपट ते तिप्पट होतो. आमच्याकडे दोन बाय सहा इंचांच्या तुळया होत्या. तशा तुळया १६ इंचांच्या अंतरावर, ३० पौंडांच्या भाराला, लाकडाच्या जातीनुसार दहा-अकरा फुटांपर्यंतच चालतात, आणि आमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, त्याहून मोठा होता. इंजिनियरने प्रत्येक जुन्या तुळईशेजारी दोन बाय दहाची नवी तुळई घालायला सांगितली, तिची टोके भार घेणाऱ्या भिंतींवर टेकवून. कोकणातल्या घरांच्या माळ्यावर भात, नारळ, सरपण असे कितीतरी वजन पिढ्यानपिढ्या राहत आले आहे, हे खरे. पण तिथल्या तुळया त्याच हिशेबाने घातलेल्या असतात. इथल्या माळ्यावर चार खोकी राहिली म्हणून पलंग, कपाट आणि दोन उड्या मारणारी मुले राहतील असे गृहीत धरता येत नाही. या कामात खालच्या खोल्यांच्या जुन्या प्लास्टरला तडे जातात. ते दुरुस्तीच्या खर्चात आधीच धरावे.

आता जिन्याबद्दल, कारण माझ्या मते बहुतेक माळ्यांचे भवितव्य जिनाच ठरवतो. छतातून ओढून खाली घेण्याची शिडी कितीही भक्कम असली तरी शयनगृहाचा मार्ग म्हणून ती मोजली जात नाही. कायमचा जिना हवा, तो ३६ इंच रुंद हवा, पायरीची उंची पावणेआठ इंचांपेक्षा जास्त नको, पाऊल ठेवायला किमान १० इंच जागा हवी, आणि जिन्यावर कुठेही उभे राहिले तरी डोक्यावर ६ फूट ८ इंच मोकळे हवेत. न्यू जर्सीत यातील दोन मापे सैल केलेली आहेत : पायरीची उंची सव्वाआठ इंचांपर्यंत आणि पाऊल ठेवण्याची जागा ९ इंच चालते. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचापेक्षा अधिक फरक मात्र चालत नाही, आणि हा मला सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो; माणूस जिना उतरताना प्रत्येक पायरीकडे पाहत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांनंतर पाय स्वतःच अंदाज बांधतात, आणि तो अंदाज जिथे चुकतो तिथे तोल जातो.

आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जमिनीपासून माळ्याच्या तयार जमिनीपर्यंत सुमारे साडे-एकशेसात इंच उंची होती. पावणेआठच्या मर्यादेने भागले तर १४ चढ येतात आणि सव्वाआठच्या मर्यादेनेही १४च, म्हणजे राज्याच्या त्या सवलतीचा उंचीत काही उपयोग झाला नाही. पाऊल ठेवण्याच्या जागेत मात्र झाला : १४ चढांना १३ पायऱ्या लागतात, त्या १० इंचांनी १० फूट १० इंच लांब होतात आणि ९ इंचांनी ९ फूट ९ इंच. हा एक फूट एक इंच वाचला म्हणून खालच्या खोलीचे कपाट तेवढे लहान करण्याची वेळ टळली. तरीही मी ही सवलत प्रत्येकाला घ्यायला सांगणार नाही. जागा असेल तर १० इंचच घ्यावेत. ९ इंचांच्या पायरीवर मोठ्या माणसाची टाच मागे टेकते आणि चवडा हवेत राहतो.

लांबीपेक्षाही अवघड असते ते डोक्यावरचे अंतर. जिना वर जिथे संपतो तिथे छपराचा उतार खाली येत असेल, तर शेवटच्या चार पायऱ्या वाकून चढाव्या लागतात आणि इन्स्पेक्टर तिथेच टेप लावतो. उपाय दोनच : जिना आढ्याच्या समांतर, माळ्याच्या मधोमध उघडेल असा फिरवावा, किंवा त्यावर छपरातून डॉर्मर (उतरत्या छपराबाहेर काढलेला, उभ्या भिंतीचा आणि खिडकीचा भाग) काढावा. आम्ही पहिला उपाय निवडला. जुना जिना २८ इंच रुंद होता आणि बाहेरच्या भिंतीला लागून चढत होता. तो काढून दुसऱ्या मजल्यावरील पॅसेजच्या वर नवा घेतला, त्यात खालच्या एका खोलीची थोडी जागा गेली. डॉर्मर काढला असता तर वर जागाही वाढली असती, पण छप्पर उघडायचे म्हणजे बजेटचा आकडाच बदलतो. गोल जिन्यालाही काही अटींवर परवानगी मिळते. परंतु ज्या जिन्यावरून गादी वर नेता येत नाही तो शयनगृहाचा जिना नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिना हा बाहेर पडण्याचा पहिला मार्ग झाला. दुसरा मार्ग खिडकीचा. आग खालच्या मजल्यावर लागली तर धूर आणि ज्वाला जिन्यानेच वर चढतात, म्हणजे ज्या वाटेने उतरायचे तीच वाट आधी बंद होते. म्हणून प्रत्येक झोपण्याच्या खोलीला थेट बाहेर उघडणारी, किल्ली वा अवजाराशिवाय आतून उघडता येणारी एक खिडकी लागते. उघडल्यावर तिची मोकळी जागा ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच आणि रुंदी किमान २० इंच हवी. हे दोन किमान आकडे एकत्र घेतले तर फक्त ३.३ चौरस फूट भरतात, ही गोष्ट दुकानातल्या विक्रेत्यांच्याही ध्यानात नसते. तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. २० इंच रुंदीची खिडकी घेतली तर तिला ४१ इंचांहून थोडी अधिक मोकळी उंची लागते, २४ इंच रुंदीला सव्वाचौतीस. ५.७ हा आकडा आतल्या माणसापुरता नाही. पाठीवर ऑक्सिजनचे नव्हे, तर दाबलेल्या हवेचे नळकांडे बांधलेला अग्निशामक शिडीवरून आत शिरू शकला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब आहे.

जुन्या घरांच्या त्रिकोणी भिंतीत असते ती खिडकी बहुतेक वर सरकणारी असते. तिच्यातून काच कितीही दिसली तरी उघडते ती निम्मीच, आणि म्हणून या कसोटीत ती सहज नापास होते. आम्ही त्याच जागी बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी घेतली. तीत जवळजवळ सगळी चौकट मोकळी होते, त्यामुळे भिंतीतले भोक फारसे वाढवावे लागले नाही. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांच्या आत हवा, म्हणजे त्यावरून चढून बाहेर पडता येईल. पण तो २४ इंचांपेक्षाही खाली आला तर मुले पडू नयेत म्हणून खिडकी ४ इंचांपेक्षा जास्त उघडू न देणारी, तरी संकटात मोठ्या माणसाला सोडवता येणारी अडकण लागते. माळ्यावरच्या खिडक्या अनेकदा पायाशीच असतात, तेव्हा हा दुसरा नियम विसरू नये. शिवाय काचेचे क्षेत्रफळ खोलीच्या ८ टक्के आणि उघडणारा भाग ४ टक्के, ही प्रकाश व हवेची अट वेगळी आहे. लांबट खोलीत एका खिडकीने ती पुरी होत नाही, आणि आम्हाला दुसऱ्या टोकालाही खिडकी घ्यावी लागली.

धुराच्या अलार्मचा खर्च थोडा, पण त्याची व्याप्ती लोकांना अनपेक्षित असते. नव्या खोलीत एक, तिच्या बाहेर एक, प्रत्येक मजल्यावर एक आणि बाकीच्या प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक, असे सगळे अलार्म एकमेकांशी जोडलेले हवेत, म्हणजे तळघरातला वाजला की माळ्यावरचाही वाजतो. परमिटचे काम निघाले की कोड ही अपेक्षा साऱ्या घराकडून करतो. वायरलेस जोडणीचे अलार्म मिळतात, त्यामुळे जुन्या भिंती फोडाव्या लागत नाहीत. गॅसची उपकरणे वा घराला जोडलेले गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्मही हवेत. जुन्या घरांबाबत आणखी एक गोष्ट : काही घरांत भिंतींतील उभी लाकडे पायापासून छपरापर्यंत अखंड गेलेली असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या मजल्यांवर कुठेच अडवलेल्या नसतात. तळघरात लागलेली आग अशा पोकळीतून कोणाला न दिसता माळ्यावर पोहोचते. जमीन उघडी असतानाच त्या पोकळ्या लाकडाच्या तुकड्यांनी बंद करून घ्याव्यात. ते काम स्वस्त आहे, आणि जमीन झाकल्यावर ते करता येत नाही.

इन्सुलेशनमध्ये उंचीचीच लढाई पुन्हा लढावी लागते. रिकाम्या माळ्याच्या जमिनीवर हवे तेवढे जाड इन्सुलेशन पसरता येते, म्हणून तिथे कोड आर-४९, आर-६० अशा मोठ्या अपेक्षा ठेवतो (आर हा उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, जितका मोठा तितका चांगला). तीच अपेक्षा साडेपाच इंचांच्या वाशांकडून करता येत नाही. म्हणून ज्या तिरक्या छतावर माळाच उरत नाही त्याला मर्यादित क्षेत्रफळापुरती आर-३०ची सवलत आहे. फायबरग्लास घातले तर त्याच्या आणि छपराच्या फळ्यांच्या मध्ये किमान एक इंच हवेची वाट पागोळीपासून आढ्यापर्यंत मोकळी ठेवावी लागते. ती नसेल तर हिवाळ्यात घरातली दमट हवा थंड फळ्यांवर पाणी होऊन बसते आणि छप्पर आतून कुजते. बंद पेशींच्या स्प्रे फोमला ती वाट लागत नाही, इंचाला आर-६च्या वर मिळते आणि उंची वाचते, पण तो महाग असतो. जुने इन्सुलेशन काढण्यापूर्वी एक सावधगिरी : ते करड्या-सोनेरी, चमकणाऱ्या खड्यांसारखे असेल तर ते व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत वापरलेले बरेचसे व्हर्मिक्युलाइट माँटानातील लिबी गावच्या खाणीतून आले होते, त्यात ॲस्बेस्टॉस हे फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज मिसळलेले होते, आणि ती खाण १९९०मध्ये बंद झाली. त्याला झाडू लावू नये, तज्ज्ञ बोलवावा. १९७८पूर्वीच्या घरात शिसेयुक्त रंगाचीही तीच कथा.

विजेबद्दल थोडक्यात : भिंतीच्या कोणत्याही जागेपासून सहा फुटांच्या आत प्लग हवा, शयनगृहाच्या सर्किटला ठिणगी ओळखणारा ब्रेकर हवा, आणि चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेल्या जुन्या तारा दिसल्या तर त्यांवर इन्सुलेशन न पसरता त्या बदलून घ्याव्यात. खोली ६८ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवता आली पाहिजे, अशी अट आहे. थंड करण्याची मात्र अट नाही. तरी जुलैमध्ये माळ्यावर एक तास बसलेला कोणीही माणूस मिनी-स्प्लिट (खोलीपुरता एसी) घेतल्याशिवाय राहणार नाही.

कपाटाचा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण भिंतीतले कपाट नसेल तर ती बेडरूम नव्हे असे इथे सर्रास सांगितले जाते. रेसिडेन्शियल कोडमध्ये तशी अट नाही. ती घर विकणाऱ्यांच्या बोलण्यातली आहे. उलट, 'आपण याला ऑफिस म्हणू, म्हणजे खिडकीची भानगड नको' हा सल्लाही फसवा आहे, कारण राहण्याजोग्या माळ्याला ती सुटकेची खिडकी झोपण्याची खोली नसतानाही लागते. ज्यांचे घर गटारवाहिनीला जोडलेले नसून सेप्टिक टाकीवर आहे त्यांनी मात्र खोली वाढवण्यापूर्वीच चौकशी करावी. टाकीची क्षमता शयनगृहांच्या संख्येवरून ठरवतात.

तपासण्यांचा क्रम चुकवू नये. सांगाडा, विजेच्या उघड्या तारा, इन्सुलेशन आणि शेवटी तयार खोली, या प्रत्येक टप्प्यावर इन्स्पेक्टर येतो, आणि त्याच्या सहीआधी ड्रायवॉल लावली तर ती काढायला सांगण्याचा त्याला अधिकार आहे. आमच्या कंत्राटदाराला 'इन्स्पेक्टर शुक्रवारी येतो आहे, तोवर एक बाजू झाकून घेतो' असे म्हणण्याची सवय होती. मी दरवेळी नाही म्हटले, आणि कंत्राटाचा शेवटचा हप्ता अंतिम प्रमाणपत्राशी बांधलेला असल्याने ते त्याने ऐकले. हा हप्ता तसा बांधून घ्यावाच.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची प्रत विमा कंपनीला पाठवावी. गावाचा कर-मूल्यांकन अधिकारीही परमिटची नोंद पाहून घराची किंमत वाढवतो, आणि न्यू जर्सीत त्या वाढीव भागाचे वेगळे करबिल येते, ते खर्चात आधीच धरावे. याची दुसरी बाजू अशी की घर विकताना ही खोली मोजली जाते : फॅनी मे या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थेने १ एप्रिल २०२२पासून मूल्यांकनासाठी जे मोजणी-मानक लागू केले, त्यातही उतरत्या छताच्या खोलीला निम्म्या भागावर ७ फूट उंचीची अट आहे आणि ५ फुटांखालचा भाग धरला जात नाही. आमच्या १८ फुटी खोलीतील सुमारे १८४ चौरस फूट त्यात बसतात. तिच्या दोन्ही कडांना छपराखाली उरलेली बुटकी जागा बसत नाही, आणि तिथे आता आई-बाबांच्या बॅगा राहतात.